एका मातेची लेखणी

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत एके काळी माणसांचा बाजार भरत असे. गुराढोरांची खरेदी-विक्री व्हावी, त्याप्रमाणे तेथे आफ्रिकेतून पकडून आणलेल्या लोकांच्या मुलानातवंडांची खरेदी-विक्री होई. नवरा एका मालकाकडे जाई, बायको दुसऱ्याकडे आणि मुले तिसऱ्याकडे. एकदा ताटातूट झाली, की पुन्हा भेट होण्याची आशा बहुधा उरत नसे. कायदाच मालकाच्या बाजूचा. मग दाद तरी कोणाकडे मागावी? अशा काळात एका साध्या गृहिणीने एक कथा लिहिली आणि लक्षावधी वाचकांच्या अंतःकरणाला पाझर फोडला. ती गृहिणी म्हणजे हॅरिएट बीचर स्टो.

हॅरिएटचा जन्म १४ जून १८११ रोजी कनेक्टिकट संस्थानातील लिचफील्ड या गावी झाला. तिचे वडील लायमन बीचर हे नामांकित ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. घरात भावंडे पुष्कळ होती. बायबलचे वाचन, प्रार्थना आणि धर्मविषयक चर्चा यांनी घर सदैव गजबजलेले असे. पुढे तिचे सातही भाऊ धर्मोपदेशकच झाले. हॅरिएट अवघी पाच वर्षांची असताना तिची आई रॉक्सॅना वारली. आईवाचून मूल किती पोरके होते, हे तिला त्या कोवळ्या वयातच कळले. थोरली बहीण कॅथरिन हिने तिच्यावर माया केली. कॅथरिनने हार्टफोर्ड येथे मुलींसाठी शाळा काढली होती. त्या शाळेत हॅरिएट प्रथम शिकली व नंतर शिकवू लागली.

१८३२ साली बीचर कुटुंब ओहायो नदीच्या काठी असलेल्या सिनसिनाटी शहरी राहावयास गेले. नदीच्या अलीकडे ओहायो संस्थान होते. तेथे गुलामगिरीला बंदी होती. पलीकडे केंटकी संस्थान होते. तेथे गुलामांचा व्यापार उघडपणे चाले. त्यामुळे पैलतीरावरील कित्येक गुलाम जिवावर उदार होऊन रात्रीच्या वेळी नदी ओलांडत. एक माता हिवाळ्यात गोठलेल्या नदीवरून, बर्फाच्या तुकड्यांवर पाय ठेवीत, लेकराला उराशी धरून अलीकडे आली, अशी हकीकत त्या भागात सांगितली जाई. ती हॅरिएटच्या मनात खोल रुतून बसली.

१८३६ साली बायबलचे गाढे अभ्यासक प्राध्यापक कॅल्विन स्टो यांच्याशी तिचा विवाह झाला. त्यांच्या घरी एक कृष्णवर्णीय मुलगी कामाला होती. तिचा पूर्वीचा मालक तिच्या शोधात शहरात आल्याचे कळताच कॅल्विन व हॅरिएटचा भाऊ हेन्री या दोघांनी रातोरात तिला गाडीत बसवून एका विश्वासू गृहस्थाच्या घरी सुखरूप पोहोचविले. गुलामगिरीचे दुःख असे हॅरिएटबाईंच्या दाराशी येऊन उभे राहिले होते.

संसार मोठा आणि मिळकत बेताची, अशी घरची स्थिती होती. हॅरिएटबाईंना सात मुले झाली. स्वयंपाक, शिवणटिपण आणि मुलांची आजारपणे यांतून उरलेल्या वेळात त्या मासिकांसाठी लेखन करीत व प्रपंचाला हातभार लावीत. कॅल्विन यांचेही त्यांच्या लेखनाला मनापासून उत्तेजन असे.

१८४९ साली सिनसिनाटीत पटकीची भयंकर साथ आली. कॅल्विन प्रकृतीच्या कारणाने परगावी गेले होते. हॅरिएटबाईंचे दीड वर्षाचे बाळ चार्ली त्या साथीत सापडले. तळमळणाऱ्या बाळापाशी त्या बसून राहिल्या. परंतु त्याला वाचविणे त्यांच्या हाती नव्हते. चार्ली गेला. त्या दुःखात त्यांच्या मनात एक विचार आला. आपले बाळ मृत्यूने नेले. पण ज्या गुलाम मातेच्या कुशीतून जिवंत मूल ओढून नेऊन विकले जाते, तिचे काय होत असेल? हे बीज त्यांच्या हृदयात पडले आणि त्यातूनच पुढे त्यांची कथा उगवली.

१८५० साली कॅल्विन यांना मेन संस्थानातील ब्रन्सविक येथे नोकरी मिळाली आणि कुटुंब तिकडे गेले. त्याच वर्षी एक कठोर कायदा झाला. पळालेल्या गुलामाला आसरा देणाऱ्यास त्या कायद्याने तुरुंगवास व एक हजार डॉलरपर्यंत दंड ठरविला. भुकेल्याला अन्न आणि निराश्रिताला आसरा द्यावा, अशी शिकवण ज्यांना लहानपणापासून मिळाली होती, त्या हॅरिएटबाईंना हा कायदा कसा रुचावा? त्यांच्या एका भावजयीने पत्र लिहून त्यांना आपली लेखणी या कामी लावण्याचा आग्रह केला. ते पत्र वाचून त्यांचा निश्चय झाला. चर्चमध्ये प्रार्थनेस बसल्या असता एका वृद्ध गुलामाच्या मृत्यूचे दृश्य त्यांच्या डोळ्यांपुढे उभे राहिले व तेच त्यांनी प्रथम लिहून काढले, असे सांगतात.

जून १८५१ पासून ही कथा एका साप्ताहिकात क्रमशः छापली जाऊ लागली. मार्च १८५२ मध्ये ती ‘अंकल टॉम्स केबिन’ म्हणजे ‘टॉमकाकाची झोपडी’ या नावाने पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली.

टॉम हा केंटकीतील शेल्बी नावाच्या मालकाचा प्रामाणिक व भाविक गुलाम. त्याला बायको आहे, लहान मुले आहेत. मालकाला कर्ज होते आणि तो टॉमला व एलायझा नावाच्या दासीच्या लहानग्या मुलाला विकावयाचे ठरवितो. एलायझा मुलाला घेऊन त्याच रात्री पळते व गोठलेली नदी ओलांडते. टॉम मात्र पळत नाही. आपण पळालो तर कर्जापायी इतर सर्वांना विकावे लागेल, हे तो जाणतो. हातोहात विकला जात तो अखेर सायमन लेग्री या क्रूर मळेवाल्याच्या ताब्यात सापडतो. एका दुबळ्या बाईला चाबकाने मारण्याची आज्ञा लेग्री त्याला करतो. टॉम ती साफ नाकारतो. पुढे दोन स्त्रिया लेग्रीच्या तावडीतून निसटतात. त्या कोठे लपल्या आहेत हे टॉमला ठाऊक असते. पण मरेपर्यंत मार खाऊनही तो एक अक्षर बोलत नाही. प्राण जाण्यापूर्वी मारणाऱ्यांना तो क्षमा करतो आणि ते दोघे पश्चात्तापाने रडू लागतात. जुन्या मालकाचा मुलगा जॉर्ज त्याला सोडवावयास येतो, पण फार उशिरा. घरी परतल्यावर जॉर्ज आपल्या सर्व गुलामांना मुक्त करतो.

टॉमची क्षमा ही भित्र्या माणसाची क्षमा नव्हती. त्याने लेग्रीचा द्वेष केला नाही, परंतु त्याचा अन्यायही मान्य केला नाही. अन्यायाला नकार देणे आणि अन्याय करणाऱ्याविषयी मनात वैर न ठेवणे या दोन्ही गोष्टी एकाच हृदयात नांदू शकतात, हे हॅरिएटबाईंनी दाखविले. त्यांनी सगळा दोष दक्षिणेकडील लोकांच्या माथी मारला नाही. त्यांच्या कथेतील दुष्ट लेग्री उत्तरेत जन्मलेला आहे, तर दक्षिणेतील काही मालक दयाळू आहेत. दोष एकट्यादुकट्याचा नसून माणसाला वस्तू मानणाऱ्या प्रथेचा आहे, असे त्यांचे सांगणे होते.

अमेरिकेत एका वर्षात या पुस्तकाच्या सुमारे तीन लाख प्रती खपल्या. ब्रिटनमधील पाच लाखांहून अधिक स्त्रियांनी गुलामगिरीविरुद्धच्या एका आवाहनावर सह्या करून ते हॅरिएटबाईंच्या स्वाधीन केले. दक्षिणेत मात्र त्यांच्यावर टीकेचा भडिमार झाला. कथा खोटी आहे, असा गिल्ला झाला. त्यांनी रागाने उत्तर न देता १८५३ साली दुसरा ग्रंथ लिहून कागदपत्रांच्या आधारे सत्य पुढे मांडले.

त्यांची स्वतःची परीक्षा अद्याप संपली नव्हती. १८५७ साली त्यांचा तरुण मुलगा हेन्री नदीत बुडून मरण पावला. देव हा कठोर न्यायाधीश आहे, अशी शिकवण त्यांनी बालपणापासून ऐकली होती. आपल्या मुलाच्या आत्म्याचे काय झाले असेल, या चिंतेने त्या व्याकूळ झाल्या. अखेर देवाचे प्रेम आईच्या प्रेमाहून उणे असू शकत नाही, या श्रद्धेपाशी त्यांच्या मनाला विसावा मिळाला. दोन वर्षांनी लिहिलेल्या एका कादंबरीत त्यांनी अशाच एका शोकाकुल मातेचे सांत्वन एका कृष्णवर्णीय दासीच्या तोंडून करविले.

१८६१ साली उत्तर व दक्षिण यांच्यात युद्ध पेटले. पुढच्या वर्षी हॅरिएटबाई अध्यक्ष लिंकन यांना भेटल्या. त्यांचा मुलगा फ्रेडरिक लढाईत डोक्याला जबर जखम होऊन परतला व पुन्हा कधी पूर्ण बरा झाला नाही. १८६५ साली युद्ध संपले आणि राज्यघटनेत दुरुस्ती होऊन गुलामगिरी कायमची नष्ट झाली.

युद्धानंतर हॅरिएटबाईंनी दक्षिणेकडील फ्लॉरिडात घर घेतले. ज्या दक्षिणेने त्यांना शिव्याशाप दिले होते, तेथेच त्या अनेक हिवाळे राहिल्या आणि मुलांच्या शिक्षणासाठी खटपट करीत राहिल्या. १ जुलै १८९६ रोजी हार्टफोर्ड येथे त्यांचे निधन झाले.

त्यांच्या कथेवर पुढे अनेक नाटके झाली. त्यांपैकी पुष्कळांत टॉमला लाचार म्हातारा करून दाखविले गेले. त्यामुळे त्याचे नाव हिणविण्यासाठी वापरले जाऊ लागले. मूळ पुस्तकातील टॉम मात्र धिप्पाड व निर्भय आहे; तो दुसऱ्यांसाठी प्राण देतो.

अमेरिकेतील या लढ्याचे पडसाद महाराष्ट्रापर्यंत पोहोचले. १८७३ साली महात्मा जोतीराव फुले यांनी आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांच्या मुक्ततेसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला. त्या सज्जनांच्या मालिकेत एक माताही होती. आपल्या बाळासाठी ढाळलेल्या अश्रूंतून तिने परक्यांच्या लेकरांचे दुःख ओळखले होते.