न बनलेल्या यंत्राचा पहिला प्रोग्राम

बारा वर्षांच्या एडाने 1828 साली उडायचे ठरवले. ते नुसते स्वप्नरंजन नव्हते. तिने आधी पक्ष्यांचे पंख नीट पाहिले आणि शरीराच्या मानाने ते किती मोठे असतात याचा अंदाज घेतला. मग कागद, रेशीम, तारा, पिसे यांपैकी पंखांसाठी काय चालेल याचा विचार केला. पुढे वाफेवर उडणारा घोडाही तिच्या योजनेत आला. हे सारे चित्रांसह एका पुस्तकात मांडायचे होते. आई मात्र रागावली, कारण अभ्यास मागे पडत होता.

त्या रागामागे भीती होती. एडा ही कवी लॉर्ड बायरन याची मुलगी. तिचा जन्म 10 डिसेंबर 1815 रोजी लंडनमध्ये झाला. ती महिन्याची असतानाच आई ॲनाबेला तिला घेऊन माहेरी गेली. काही महिन्यांत बायरनने इंग्लंड सोडले, तो पुन्हा परतलाच नाही. 1824 साली तो ग्रीसमध्ये वारला तेव्हा एडा आठ वर्षांची होती. बापाचा लहरीपणा मुलीत उतरू नये म्हणून आईने उपाय योजला तो गणिताचा. तिला स्वतःलाही गणिताची चांगली जाण होती. विसाव्या वर्षापर्यंत मुलीला वडिलांचे चित्रही पाहू दिले नाही, पण भूमिती आणि अंकगणित मात्र औषधाच्या डोसासारखे नियमित दिले.

1829 मध्ये एडाला गोवर आला आणि तिच्या पायांतली शक्ती गेली. जवळपास वर्षभर ती अंथरुणाला खिळली होती, त्यानंतरही बराच काळ कुबड्या घेऊन चालत होती. गोवरानंतर क्वचित मेंदूला किंवा मज्जारज्जूला सूज येते, हे आज आपल्याला ठाऊक आहे. त्या काळी विश्रांतीपलीकडे फारसा इलाज नव्हता. तब्येतीने एडाची पाठ पुढेही कधी सोडली नाही.

जून 1833 मध्ये, सतरा वर्षांची असताना, एका मेजवानीत तिची चार्ल्स बॅबेजशी ओळख झाली. काही दिवसांनी ती आईबरोबर त्याच्या घरी एक यंत्र पाहायला गेली. लंडनच्या बड्या लोकांना तेव्हा या घरी जायचा छंदच लागला होता. पितळी चाकांची ती उतरंड फिरताना पाहायची, वाहवा करायची आणि घरी जायचे. एडाने मात्र ते चालते कसे हे समजून घेतले.

हे होते डिफरन्स इंजिन, म्हणजे त्याचा एक छोटा भाग. ते ज्या युक्तीवर चालते ती शाळकरी मुलालाही समजेल. 1, 4, 9, 16 हे वर्ग घ्या. त्यांच्यातील फरक 3, 5, 7. या फरकांमधला फरक नेहमी 2. म्हणजे पुढचा वर्ग काढायला गुणाकार नको, 7 मध्ये 2 मिळवा, आलेले 9 सोळात मिळवा, 25 तयार. फक्त बेरीज, आणि बेरीज तर दातेरी चाकांनाही जमते. त्या काळी जहाजे आपली जागा शोधण्यासाठी छापील कोष्टकांवर अवलंबून असत. ती कोष्टके माणसे हाताने तयार करत आणि त्यांत चुका राहत. यंत्राने आकडेमोड करून थेट छपाईही करावी, असा बॅबेजचा बेत होता. पूर्ण यंत्राला सुमारे 25,000 भाग लागणार होते. ब्रिटिश सरकारने त्यावर 17,000 पौंडांहून अधिक खर्च केला आणि 1842 मध्ये हात वर केले.

तोवर बॅबेजचे मन दुसऱ्याच यंत्रात गुंतले होते. त्याचे नाव ॲनॅलिटिकल इंजिन. पहिले यंत्र एकच काम करणारे होते, तर याला हवे ते काम सांगता येणार होते. आकडे ठेवायला वेगळी जागा, आकडेमोड करायला वेगळी जागा, आणि आज्ञा द्यायला भोके पाडलेली कार्डे. ही कार्डांची कल्पना फ्रान्सच्या जोसेफ जकार्डच्या मागावरून आली. येवल्याच्या विणकरांना जकार्ड नवा नाही. कोणता धागा वर उचलायचा आणि कोणता खाली ठेवायचा हे कार्डावरची भोके ठरवतात आणि नक्षी आपोआप उमटते. बॅबेजकडे खुद्द जकार्डचे रेशमात विणलेले एक चित्र होते, त्यासाठी सुमारे 24,000 कार्डे लागली होती. एडानेही 1834 मध्ये आईबरोबर इंग्लंडमधील कारखान्यांचा दौरा करून असे माग चालताना पाहिले होते.

1835 मध्ये तिचे विल्यम किंग या उमरावाशी लग्न झाले. तीन वर्षांनी नवऱ्याला अर्लपद मिळाले आणि ती लव्हलेसची काउंटेस झाली. 1836 ते 1839 या काळात तिला तीन मुले झाली. दुसऱ्या बाळंतपणानंतर तर ती कित्येक महिने आजारी होती. मुले लहान असतानाच, 1840 मध्ये, तिने ऑगस्टस डी मॉर्गन या नामवंत गणितज्ञाकडे पत्राने शिकायला सुरुवात केली. ती शंका विचारी आणि तो उत्तरे पाठवी. समजल्याशिवाय पुढे जायचे नाही, हा तिचा बाणा होता. ती पुरुष असती तर मोठी गणिती संशोधक होऊ शकली असती, असे डी मॉर्गनचे मत होते. पण हे त्याने तिला सांगितले नाही. तिच्या आईला मात्र त्याने लिहिले, की एवढा बौद्धिक ताण स्त्रीच्या शरीराला झेपणार नाही, आणि तिच्या आजारपणांचा संबंध या अभ्यासाशी असू शकेल. लहानपणी जे गणित औषध म्हणून पाजले, तेच आता अपायकारक ठरत होते! शिकवणारा विद्वान होता, तरी स्त्रीच्या शरीराविषयीचे त्या काळाचे गैरसमज त्यालाही सुटले नव्हते.

1840 मध्ये बॅबेजने इटलीत तुरिन येथे या नव्या यंत्राची माहिती दिली. ती ऐकणारा लुइगी मेनाब्रिया हा अभियंता पुढे इटलीचा पंतप्रधान झाला. त्याने 1842 मध्ये यंत्रावर फ्रेंचमध्ये लेख लिहिला. चार्ल्स व्हीटस्टन या शास्त्रज्ञाच्या सुचवण्यावरून एडाने त्याचा इंग्रजी अनुवाद केला. बॅबेज तिला म्हणाला, स्वतःच लेख का लिहिला नाहीस? ते तिच्या मनातच आले नव्हते. मग अनुवादाला टिपा जोडायचे ठरले. त्या वाढत वाढत मूळ लेखाच्या दुपटीहून मोठ्या झाल्या. 1843 मध्ये हे सारे छापून आले, पण पूर्ण नाव न देता, केवळ आद्याक्षरांनिशी.

आज एडाचे नाव घेतले जाते ते या टिपांमुळे. बॅबेजला यंत्र हवे होते आकडे मोजायला. एडाच्या लक्षात आले की चाकावरचा आकडा कशाचेही प्रतीक असू शकतो. स्वरांचे परस्परसंबंध नियमांत बांधता आले तर हे यंत्र संगीतरचनाही करू शकेल, असे तिने लिहिले. आज मोबाइलमध्ये गाणे, फोटो आणि हा लेखही आकड्यांच्याच रूपात साठतो. पण याच टिपांमध्ये तिने लगाम घालणारी गोष्टही सांगितली. हे यंत्र स्वतःहून नवे काही निर्माण करणार नाही. जे करायला सांगण्याची रीत आपल्याला ठाऊक आहे, तेवढेच ते करील. नवे यंत्र आले की लोक आधी त्याला डोक्यावर घेतात आणि मग त्याची खरी ताकदही नाकारू लागतात, हा मनुष्यस्वभाव तिने तिथेच नोंदवून ठेवला. तंत्रज्ञानाचे वेड असलेल्या माणसाकडून असा तोल क्वचित दिसतो, आणि ते यंत्र तर अजून बनलेही नव्हते.

शेवटच्या टिपेत तिने बर्नुली संख्या काढण्याची रीत यंत्राला कशी सांगायची ते दाखवले. घातांकांच्या बेरजांच्या सूत्रांत या संख्या येतात. प्रत्येक नवी संख्या काढायला आधीच्या सगळ्या लागतात. हे उदाहरण तिने मुद्दाम निवडले, कारण त्यात काही पायऱ्या पुन्हा पुन्हा गिरवाव्या लागतात. आजचे प्रोग्रामर यालाच लूप म्हणतात. 25 ओळींच्या त्या तक्त्यात कोणती क्रिया, कोणत्या दोन आकड्यांवर आणि उत्तर कुठे ठेवायचे, हे ओळीने दिले आहे. यातले तिचे किती आणि बॅबेजचे किती, यावर अभ्यासक अजूनही भांडतात. बॅबेजने त्याआधीच काही छोटे प्रोग्राम लिहून ठेवले होते हे खरे. बर्नुलीचे बीजगणित आपण करून दिले आणि त्यातली एक मोठी चूक एडाने पकडली, असे खुद्द त्यानेच आत्मचरित्रात सांगितले आहे. पण यंत्र आकड्यांपलीकडे जाईल हा विचार बॅबेजच्या लिखाणात शोधूनही सापडत नाही. तो एडाचाच.

छपाईच्या वेळी दोघांचे वाजले. सरकारवर तोंडसुख घेणारे एक निनावी निवेदन बॅबेजला तिच्या लेखाला जोडायचे होते. तिने साफ नकार दिला. वर यंत्र पूर्ण करण्यासाठी व्यवहाराची बाजू आपल्याकडे द्यावी, असा प्रस्ताव तिने मांडला. बॅबेजने तो नाकारला. मैत्री टिकली, यंत्र मात्र कागदावरच राहिले.

नंतरची वर्षे सुखाची नव्हती. मेंदू आणि मज्जातंतूंचे काम गणितात मांडावे असे तिला 1844 च्या सुमारास वाटू लागले. त्यासाठी विजेचे प्रयोग शिकायला ती अँड्र्यू क्रॉस या प्रयोगवेड्या गृहस्थाकडेही गेली, पण हातून काही पुरे झाले नाही. दुखण्यांवर डॉक्टर अफूचा अर्क देत. इंग्लंडमध्ये तो तेव्हा दुकानात सहज मिळे. मग घोड्यांच्या शर्यतींचा नाद लागला. 1851 च्या डर्बीत ती 3,200 पौंड हरली. घराण्यातले हिरे गहाण पडले, आईने सोडवले, ते तिने पुन्हा गहाण टाकले.

त्याच वर्षी रक्तस्राव वाढला. तो गर्भाशयाचा कर्करोग होता. पेशी तपासून रोग आधीच ओळखण्याची चाचणी त्यानंतर पाऊण शतकाहून अधिक काळाने आली. डॉक्टर धीर देत राहिले आणि अफूचे प्रमाण वाढत गेले. ऑगस्ट 1852 मध्ये चार्ल्स डिकन्स तिच्या भेटीला आला. त्याच्या डॉम्बी अँड सन कादंबरीतला लहान पॉलच्या मृत्यूचा प्रसंग तिने त्याच्याकडून वाचून घेतला. 27 नोव्हेंबर 1852 रोजी ती गेली, वयाच्या 36 व्या वर्षी. बायरनही 36 व्या वर्षीच गेला होता. तिच्या इच्छेप्रमाणे हकनॉलच्या चर्चमध्ये वडिलांशेजारीच तिचे दफन झाले.

पुढची शंभर वर्षे तिच्या टिपा फार कुणी वाचल्या नाहीत. 1950 मध्ये ॲलन ट्युरिंगने यंत्रे विचार करू शकतील का हा प्रश्न मांडला, तेव्हा ज्या आक्षेपांना उत्तरे दिली त्यात लेडी लव्हलेसचा आक्षेप होता. यंत्रे आपल्याला अनेकदा चकित करतात, असे त्याचे म्हणणे होते. आज लिहिणाऱ्या आणि चित्रे काढणाऱ्या संगणकांवरचा वाद त्याच रेषेवर चालू आहे. 1980 मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याने एका संगणकीय भाषेला एडा हे नाव दिले. तिच्या लष्करी मानकाचा क्रमांक 1815 ठेवला, एडाचे जन्मवर्ष.

ॲनॅलिटिकल इंजिन आजवर कुणीच पूर्ण बांधलेले नाही. 25 ओळींचा तो तक्ता मात्र हौशी प्रोग्रामरांनी आधुनिक संगणकावर चालवून पाहिला आहे. चौथ्या ओळीत एक चूक सापडते. तिथल्या भागाकारात अंश आणि छेद यांची अदलाबदल झाली आहे. ती चूक हस्तलिखितातली की छापखान्यातली, यावर एकमत नाही. तेवढी दुरुस्त केली की उत्तर बरोबर येते: उणे एक तीसांश.