बाबासाहेब आंबेडकर : जुन्या कायद्याकडून नव्या संविधानाकडे



आजचा निबंध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर आहे. तुम्ही म्हणाल, सर, बाबासाहेबांवर तर दरवर्षी १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला निबंध लिहितोच की! खरं आहे. जन्म, शिक्षण, महाड, पुणे करार, संविधान, धम्मदीक्षा हा क्रम तुम्हाला पाठ असेल. म्हणून आज आपण एक प्रश्न हाती घेऊ आणि त्या प्रश्नाच्या वाटेने त्यांचं आयुष्य पाहू.

प्रश्न साधा आहे. १५ ऑगस्ट १९४७ रोजी इंग्रजांचं राज्य संपलं. मग त्या दिवशी मुंबईत कायदा कुणाचा चालू होता? लालबागला चोर पकडला तर पोलीस त्याला कोणत्या कायद्याखाली कोर्टात उभा करत होते? घरमालक-भाडेकरूंचे दावे, गिरणी कामगारांचे पगार, शाळांची अनुदानं हे सगळं कशाच्या आधाराने चाललं होतं? उत्तर ऐकून तुम्हाला नवल वाटेल. पण आधी थोडं मागे जाऊया.

परळची खोली

भीमराव रामजी आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील रामजी सुभेदार लष्करात होते. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं आंबडवे. साताऱ्याहून हे कुटुंब मुंबईला आलं आणि परळच्या डबक चाळीतल्या एका खोलीत राहू लागलं. स्वयंपाक, झोपणं, अभ्यास सगळं तिथेच. रामजी मुलाला लवकर झोपवत आणि पहाटे दोनला उठवत, कारण शांतपणे अभ्यास करायला तीच वेळ मिळायची. भीमराव एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकले आणि १९०७ मध्ये मॅट्रिक झाले. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या या मुलाला कृष्णाजी अर्जुन केळुस्कर गुरुजींनी हेरलं आणि त्याला पुस्तकं दिली. पुढे शिष्यवृत्ती मिळवून देण्यातही त्यांनी मदत केली. मित्रांनो, शिक्षकाची नजर काय करू शकते, याचं हे उदाहरण लक्षात ठेवा.

त्यानंतर न्यूयॉर्कचं कोलंबिया विद्यापीठ आणि लंडन इथलं शिक्षण तुम्हाला माहीत आहेच. १९२३ मध्ये बॅरिस्टर होऊन ते परतले आणि मुंबई उच्च न्यायालयात वकिली करू लागले. राहायला मात्र परळच्या पोयबावडीतली बी.आय.टी. चाळच होती. १९२४ मध्ये त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली, तिचं कार्यालय परळच्याच दामोदर हॉलमध्ये होतं. घर आणि कचेरी दोन्ही गिरणगावात! कायद्याचं पुस्तक आणि चाळीतला माणूस ते रोज शेजारी शेजारी पाहत होते.

कागदावरचा ठराव

आज दादरला पश्चिमेला एस. के. बोले रोड आहे. तुम्ही तिथून कितीतरी वेळा गेला असाल. हे सीताराम केशव बोले मुंबईच्या कायदे मंडळाचे सदस्य होते. १९२३ मध्ये त्यांनी एक ठराव मंजूर करून घेतला. सार्वजनिक पैशातून चालणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कोर्ट, कचेऱ्या अस्पृश्यांनाही खुल्या असाव्यात, असा तो ठराव होता. महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव केला. पण प्रत्यक्षात काय? तळ्यावर कुणी जाऊ शकत नव्हतं. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो माणसांसह तिथे गेले आणि ओंजळभर पाणी प्यायले, तेव्हा कुठे तो ठराव कागदावरून खाली उतरला.

पुढची गोष्ट मात्र निबंधात फारशी येत नाही. विरोधक कोर्टात गेले. तळं खासगी आहे आणि अस्पृश्यांना पाणी न देण्याची इथे फार जुनी रूढी आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. हा दावा दहा वर्षं चालला! १९३७ मध्ये उच्च न्यायालयाने निकाल दिला की अशी रूढी सिद्ध झालेली नाही. बाबासाहेब जिंकले. पण यातून एक गोष्ट स्पष्ट झाली. रूढीसुद्धा कोर्टात कायद्याचा अंगरखा घालून उभी राहते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आणखी एक गोष्ट म्हणजे महार वतन. १८७४ च्या वतन कायद्यानुसार महारांना गावाची आणि सरकारची कामं पिढ्यानपिढ्या करावी लागत. बदल्यात जमिनीचा लहानसा तुकडा आणि गावाकडून मिळणारं बलुतं. काम दिवसा सांगितलं तर दिवसा, रात्री सांगितलं तर रात्री. घरचा पुरुष नसला तर घरातल्या दुसऱ्या कुणीतरी जायचं. जन्माने चिकटलेली ही नोकरी होती. मार्च १९२८ मध्ये बाबासाहेबांनी हा कायदा बदलण्यासाठी मुंबईच्या कायदे मंडळात विधेयक मांडलं. ते मंजूर झालं नाही. हेही लक्षात असू द्या.

१५ ऑगस्टची सकाळ

आता आपल्या प्रश्नाकडे येऊ.

ब्रिटिश पार्लमेंटने भारतीय स्वातंत्र्य कायदा केला. त्याला १८ जुलै १९४७ रोजी मंजुरी मिळाली. त्यात ठरलं की १५ ऑगस्टपासून भारत आणि पाकिस्तान अशी दोन स्वतंत्र राज्यं होतील. पण नवं संविधान तयार होईपर्यंत कारभार कशावर चालवायचा? तर १९३५ च्या जुन्या कायद्यावरच, त्यात आवश्यक ते बदल करून! आणि बाकीचे कायदे? फौजदारी, दिवाणी, पोलीस, जमीन महसूल हे सगळे जसेच्या तसे चालू. म्हणजे १५ ऑगस्टला झेंडा बदलला, सत्ता बदलली, पण पोलिसाच्या हातातलं कायद्याचं पुस्तक कालचंच होतं.

तुम्ही परळ-लालबागचे असाल तर हे चटकन कळेल. जुनी चाळ पाडून नवी इमारत बांधायची असते. मधल्या काळात भाडेकरूंना रस्त्यावर ठेवता येत नाही, म्हणून संक्रमण शिबिरात पाठवतात. १९४७ ते १९५० हा आपल्या देशाचा संक्रमण शिबिरातला मुक्काम होता. आता शिबिरात गेलेल्या माणसाला कसली भीती असते? नवी इमारत वेळेत उभीच राहिली नाही आणि शिबिरातच जन्म गेला तर? देशासमोरही नेमका हाच धोका होता.

या काळात संविधान सभेला दोन कामं होती. संविधान लिहायचं आणि त्याच वेळी देशाचं कायदे मंडळ म्हणूनही काम करायचं. संविधानाच्या कामाच्या वेळी डॉ. राजेंद्रप्रसाद अध्यक्षस्थानी असत, तर कायदे मंडळ म्हणून बसताना गणेश वासुदेव मावळंकर.

बाबासाहेबांची या सभेतली जागाही सहज टिकली नाही. १९४६ मध्ये ते बंगालमधून निवडून आले होते. फाळणी झाली आणि ती जागा गेली. तेव्हा मुंबई प्रांतातून बॅ. मुकुंदराव जयकरांनी सोडलेल्या जागेवर ते जुलै १९४७ मध्ये पुन्हा निवडून आले. १५ ऑगस्टला ते देशाचे पहिले कायदा मंत्री झाले. २९ ऑगस्टला सात जणांची मसुदा समिती नेमली गेली आणि बाबासाहेब तिचे अध्यक्ष झाले.

समिती सात जणांची खरी, पण कुणी वारले, कुणी प्रकृतीमुळे दिल्लीपासून दूर राहिले, कुणी दुसऱ्या कामांत अडकले. भार बराचसा बाबासाहेबांवर आला. त्यांची स्वतःची तब्येतही बरी नव्हती, मधुमेहाने ते बेजार होते. मसुद्यावर सुमारे ७,६०० दुरुस्त्या सुचवल्या गेल्या, त्यांपैकी २,४७३ सभेत मांडल्या गेल्या. कलमामागून कलम घेऊन बाबासाहेब उत्तरं देत होते.

संविधानाची शेवटची पानं

आपण संविधान म्हटलं की उद्देशिका आणि मूलभूत हक्क वाचतो. शेवटची कलमं कुणी उघडत नाही. आज ती उघडूया, कारण एका राज्यातून दुसऱ्या राज्यात देश कसा नेला, ते तिथेच लिहिलं आहे.

कलम ३७२ सांगतं की जुने कायदे बदलले किंवा रद्द केले जाईपर्यंत चालू राहतील. हे असं का? समजा, २६ जानेवारी १९५० ला सगळे जुने कायदे एकदम रद्द झाले असते, तर त्या रात्री खून करणाऱ्याला शिक्षा कोणत्या कायद्याने दिली असती? कराराला काय अर्थ उरला असता? गरिबाचं तर सगळ्यात आधी नुकसान झालं असतं, कारण बलवानाला कायदा नसला तरी चालतं.

पण जुने कायदे जसेच्या तसे ठेवले तर जुना अन्यायही राहणार! म्हणून पुढे कलम १३ चाळणी म्हणून उभं आहे. जुन्या कायद्याचा जो भाग मूलभूत हक्कांशी विसंगत असेल, तेवढा भाग रद्द समजायचा. आणि इथे कायदा या शब्दात कायद्याचं बळ असलेली रूढी आणि परंपराही धरली आहे. आठवलं ना चवदार तळं? जी रूढी सिद्ध झाली की नाही यावर दहा वर्षं खल चालला, तशी रूढी आता सिद्ध झाली तरी हक्कांपुढे टिकणार नव्हती. कलम १७ ने तर अस्पृश्यताच नष्ट केली.

न्यायालयांचं काय? शेवटचं अपील लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे जायचं. ते अधिकार संपवणारं विधेयक कायदा मंत्री म्हणून बाबासाहेबांनीच १९४९ मध्ये मांडलं. कलम ३७४ ने फेडरल कोर्टाचे न्यायाधीश सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले आणि तिथली प्रलंबित प्रकरणंही नव्या न्यायालयाकडे आली. कुणाचा खटला वाऱ्यावर सोडला गेला नाही. नागरिकत्व आणि निवडणूक आयोग यांची कलमं तर २६ नोव्हेंबर १९४९ लाच, म्हणजे संविधान स्वीकारलं त्याच दिवशी लागू झाली. तयारी आधी करायला हवी होती ना!

आणि शेवटचं कलम ३९५. या कलमाने १९३५ चा कायदा रद्द झाला आणि १९४७ चा स्वातंत्र्य कायदाही रद्द झाला. ज्या कायद्याने इंग्रजांनी सत्ता सोपवली, तोच आपण रद्द केला! कारण आपलं स्वातंत्र्य दुसऱ्या देशाच्या पार्लमेंटच्या कागदावर उभं नको होतं. संविधानाला गव्हर्नर जनरलची मंजुरीही घेतली नाही. संविधान सभेचे अध्यक्ष म्हणून राजेंद्रप्रसादांची सही, तीच पुरेशी. विशेष म्हणजे १९३५ च्या कायद्याखाली झालेल्या निवडणुकीत बाबासाहेब स्वतः १९३७ साली भायखळा-परळ भागातून मुंबई विधानसभेवर निवडून आले होते. तेव्हा मताचा हक्क मालमत्ता, कर, शिक्षण अशा अटींवर मिळायचा. नव्या संविधानाने तो प्रत्येक प्रौढ माणसाला दिला.

न सुटलेली गाठ

मित्रांनो, इथे निबंध संपवला तर टाळ्या मिळतील, पण गोष्ट अर्धीच राहील. चाळणीतूनही काही खडे राहिले.

मुंबईतल्या एका प्रकाशन संस्थेच्या चिटणिसावर सप्टेंबर १९४९ मधल्या एका पत्रकासाठी १९३१ च्या इंग्रजी राजवटीतल्या कायद्याखाली खटला चालू होता. तेवढ्यात संविधान आलं. आता भाषण स्वातंत्र्य मिळालं, खटला थांबवा, असं त्यांचं म्हणणं. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की पत्रक संविधानाच्या आधीचं आहे, कलम १३ मागे जाऊन लागू होत नाही, खटला चालेल. स्वतंत्र देशात परक्या सरकारच्या कायद्याने खटला!

आणि महार वतन? ज्या समितीचे बाबासाहेब अध्यक्ष होते, तिच्याच मसुद्यातल्या कलम ३७२ मुळे १८७४ चा तो वतन कायदाही चालू राहिला. मुंबई राज्याने कनिष्ठ गावकामगारांची वतनं रद्द करणारा कायदा केला तो १९५८ मध्ये. तोपर्यंत बाबासाहेब या जगात नव्हते. १९२८ मध्ये मांडलेल्या मागणीला तीस वर्षं लागली.

मग कलम ३७२ चुकलं का? मला तसं वाटत नाही. त्या कलमाने जुने कायदे ठेवले, पण ते बदलण्याची किल्ली लोकांनी निवडलेल्या प्रतिनिधींच्या हातात दिली. १९२८ मध्ये तीच किल्ली नव्हती. मात्र किल्ली हातात असून कुलूप उघडलंच नाही, तर दोष कुलपाचा म्हणता येत नाही. बाबासाहेबांना हे कळत होतं. हिंदू कोड बिल अडलं, तेव्हा १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडलं. १९५२ च्या निवडणुकीत ते मुंबईतच हरले. तरी कायद्याची वाट त्यांनी सोडली नाही, राज्यसभेत जाऊन ते बोलत राहिले.

६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचं निधन झालं. पार्थिव मुंबईला दादरच्या हिंदू कॉलनीतल्या राजगृहात आणलं गेलं आणि ७ डिसेंबरला दादर चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले. तीच आजची चैत्यभूमी.

तेव्हा मित्रांनो, पुढच्या वेळी निबंध लिहाल तेव्हा एक काम करा. शाळेच्या ग्रंथालयातून संविधान घ्या आणि मागून उघडा. कलम ३९५, मग ३७२, मग १३ वाचा. नंतर वर्गात चर्चा करा : आज चालू असलेला कोणता जुना नियम किंवा कोणती रूढी तुम्हाला या चाळणीत घालावीशी वाटते? उत्तर वहीत लिहा. पुढच्या तासाला आपण त्यावरच बोलू.