वंदनीय मॅट टॅलबट : तलफेशी झुंजलेला डब्लिनचा हमाल



उपवासकाळ आला की अनेक घरांतील पुरुष दारू सोडतात. चाळीस दिवस बाटलीला हात लावत नाहीत. घरची मंडळी सुटकेचा निःश्वास टाकतात. पण ईस्टरच्या दुपारी जेवणाआधी पहिला पेला भरला जातो आणि आठवडाभरात सारे पूर्वीसारखे सुरू होते. माणूस मनातून खजील होतो, घरचे निराश होतात आणि पुढच्या वर्षीच्या निश्चयावर कुणाचाच विश्वास उरत नाही.

असे का होते? निश्चय खोटा असतो म्हणून नव्हे. निश्चय एका क्षणाचा असतो, तलफ मात्र रोज येते. संध्याकाळी ठरावीक वेळी, ठरावीक रस्त्यावर, ठरावीक मित्र दिसताच ती येते. या तलफेशी एका गरीब मजुराने आयुष्याची ४१ वर्षे झुंज दिली आणि तो हरला नाही. त्याचे नाव मॅट टॅलबट.

बाराव्या वर्षी पहिला घोट

मॅटचा जन्म २ मे १८५६ रोजी आयर्लंडमधील डब्लिन शहरात झाला. चार्ल्स आणि एलिझाबेथ टॅलबट यांच्या बारा मुलांपैकी तो दुसरा. घरात श्रद्धा होती, तसेच दारिद्र्यही होते. बिऱ्हाड वारंवार बदलावे लागे. वडील आणि बहुतेक भाऊ पिणारे होते. शाळा मॅटच्या वाट्याला फार थोडी आली. बाराव्या वर्षी तो कामाला लागला, तेही दारूच्या व्यापाऱ्याकडे. तिथे बिअर बाटल्यांत भरली जाई. त्याच ठिकाणी त्याला पिण्याची सवय लागली आणि वर्षभरात तो पोर झिंगून घरी येऊ लागला.

वडिलांनी त्याला चोप दिला आणि आपल्या नजरेखाली राहावा म्हणून बंदरावर स्वतःच्या कामाच्या ठिकाणी लावून घेतले. पण त्या गोदामात व्हिस्की साठवलेली असे. बिअर सुटली आणि व्हिस्की सुरू झाली. पुढे तो गवंड्यांच्या हाताखाली मजुरी करू लागला. कामाला तो वाघ होता; पण शनिवारी पगार झाला की पैसे गुत्त्यात जात. आईच्या हाती काही पडत नसे. पैसे संपले की उधारी, उधारी संपली की पायातले बूट गहाण. एकदा तर रस्त्यावर फिडल वाजवून पोट भरणाऱ्या एका गरीब वादकाचे वाद्यच मॅट आणि त्याच्या सोबत्यांनी पळवले आणि विकून दारू प्याले. असे १६ वर्षे चालले.

तो शनिवार

सन १८८४. मॅट २८ वर्षांचा होता. काही दिवस कामावर न गेल्यामुळे त्याच्या खिशात दमडी नव्हती. शनिवारी दुपारी मजुरांचे पगार झाले तेव्हा तो गुत्त्याजवळच्या कोपऱ्यावर जाऊन उभा राहिला. स्वतःकडे पैसे असताना त्याने मित्रांना किती वेळा पाजले होते! आज कुणीतरी आपल्याला आत नेईल अशी त्याची खात्री होती. मित्र आले, त्याच्याकडे पाहिले, कुणी मान हलवली आणि सगळे आत निघून गेले. एकानेही बोलावले नाही.

मॅटच्या काळजाला ते लागले. तो तसाच घरी परतला. भर दुपारी, शुद्धीवर असलेला मुलगा दारात पाहून आईला नवल वाटले. जेवण झाल्यावर, दारू सोडण्याची शपथ घ्यायला जातो, असे त्याने तिला सांगितले. त्या माऊलीने त्याची थट्टा केली नाही आणि जुने हिशेबही काढले नाहीत. पाळायची असेल तरच शपथ घे, एवढेच तिने बजावले आणि ती पाळण्याचे बळ देवाने द्यावे असा आशीर्वाद दिला. मॅट क्लॉनलिफ येथील सेमिनरीत गेला, तेथील धर्मगुरूंपुढे त्याने पापनिवेदन केले आणि शपथ घेतली.

शपथ जन्मभराची नव्हती, फक्त तीन महिन्यांची होती. एवढीही आपल्याला झेपेल की नाही याची त्याला शंका होती. ते तीन महिने इतके कठीण गेले की मुदत संपताच पुन्हा पिणार, असे तो आईजवळ बोलून गेला होता. पण मुदत संपल्यावर त्याने शपथ वाढवली आणि शेवटी ती जन्मभरासाठी घेतली.

रिकामी संध्याकाळ

शपथ घेतल्यानंतर खरा प्रश्न उभा राहिला तो संध्याकाळचा. काम सुटले की सोळा वर्षे पाय ज्या दिशेने वळत होते, त्या दिशेने आता जायचे नव्हते. मग जायचे कुठे? घरी बसावे तर मन गुत्त्यात. कामावरून सुटल्यावर मॅट चालू लागे आणि वाटेतल्या चर्चमध्ये शिरे. भक्ती दाटून आली म्हणून तो तिथे जात होता, असे सुरुवातीला तरी म्हणता येणार नाही. गुत्ते उघडे असेपर्यंत दुसरीकडे कुठेतरी असणे त्याला भाग होते. हळूहळू त्या बाकावर तो प्रार्थना करायला शिकला.

सकाळही त्याने बदलली. येशूसंघीयांच्या गार्डिनर स्ट्रीटवरील संत फ्रान्सिस झेवियर चर्चमध्ये पहाटे पाचच्या मिस्साला तो जाऊ लागला आणि तिथून कामावर. पहाटे उठायचे म्हणजे रात्री वेळेवर झोपणे आले, आणि रात्र लहान झाली की मोहाची वेळही लहान होते.

तरीही तलफ सुटली नव्हती. एका संध्याकाळी खिशात पैसे असताना ती इतकी अनावर झाली की तो एका गुत्त्यात शिरला. गर्दी होती. नोकर इतर गिऱ्हाइकांना वाढत राहिला आणि मॅटकडे त्याने लक्षच दिले नाही. थोडा वेळ ताटकळून मॅट चिडून बाहेर पडला, तडक चर्चमध्ये गेला आणि दारे बंद होईपर्यंत तिथेच बसला. त्या दिवसापासून खिशात पैसे घेऊन फिरायचे नाही असा नियम त्याने केला. उद्या असा मोह होणारच नाही, असे त्याने स्वतःला सांगितले नाही. उद्याही तो होणार हे धरून चालून त्याने आपला खिसा रिकामा ठेवला.

दुसरा प्रसंग याहून अवघड होता. एका सकाळी ख्रिस्तशरीर स्वीकारण्यासाठी वेदीकडे जाताना निराशेने त्याला घेरले. हे सारे व्यर्थ आहे, तू पुन्हा पिणारच, असा विचार मनात घुमू लागला. तो मागे फिरला आणि बाहेर पडला. दुसऱ्या चर्चमध्ये गेला, तिथेही तेच. अखेर तो गार्डिनर स्ट्रीटला परतला आणि चर्चच्या पायऱ्यांवर हात पसरून पालथा पडला. लोक पाहत आहेत याची त्याने पर्वा केली नाही. मन शांत झाल्यावर तो आत गेला आणि त्याने ख्रिस्तशरीर स्वीकारले.

दारू सोडलेल्या माणसाला या दोन्ही प्रसंगांची ओळख पटेल. एक मोह शरीराचा: फक्त एक घोट. दुसरा मनाचा: तुझ्याने होणार नाही. पहिल्यासाठी मॅटने पैसे दूर ठेवले. दुसऱ्यासाठी तो देवाच्या दारात पडून राहिला.

जुने हिशेब, नवी सवय

शुद्धीवर आलेल्या मॅटला आपण कुणाकुणाचे देणे लागतो ते आठवू लागले. ज्या ज्या गुत्त्यात उधारी होती ती त्याने फेडली. त्या वादकाचा त्याने शहरभर शोध घेतला. तो सापडला नाही तेव्हा त्या वाद्याची किंमत त्याने त्या माणसासाठी मिस्सा अर्पण करण्याकरिता दिली. शिव्या देण्याची सवय मोडावी म्हणून त्याने कोटाच्या बाहीवर दोन टाचण्या क्रुसासारख्या टोचून ठेवल्या. जीभ सुटू लागली की नजर त्यांवर जाई. तंबाखूही त्याने सोडली आणि ती दारूपेक्षा जड गेली असे तो सांगत असे.

जेमतेम वाचता येणारा हा मजूर हळूहळू शुभवर्तमान, संतचरित्रे आणि संत ऑगस्टीनचे ग्रंथही वाचू लागला. तो संत फ्रान्सिसच्या तिसऱ्या संघाचा सभासद झाला. आयुष्याची शेवटची अनेक वर्षे त्याने एका लाकडाच्या वखारीत हमाली केली. तो कामगार संघटनेचा सभासद होता आणि १९१३ च्या डब्लिनमधील मोठ्या टाळेबंदीत इतर कामगारांबरोबर तोही कामाबाहेर राहिला. पूर्वी गुत्त्यात जाणारा पैसा आता गरजू सोबत्यांकडे आणि मिशनकार्याकडे जात असे. तो अविवाहित राहिला. आई १९१५ मध्ये वारली, तोपर्यंत त्याने तिचा सांभाळ केला.

संत थॉमस अक्वायनस यांच्या शिकवणीनुसार सद्गुण म्हणजे अंगी मुरलेली चांगली सवय, आणि सवय मुरते ती पुन्हा पुन्हा केलेल्या कृतीने. मॅटने ते तत्त्वज्ञान वाचले असो वा नसो, रोज संध्याकाळी गुत्त्यावरून पुढे चालत जाऊन त्याने ते आचरले. पहिल्या दिवशी ते पाऊल जड होते, हजाराव्या दिवशी ते त्याचे स्वतःचे झाले.

७ जून १९२५ रोजी, पवित्र त्रैक्याच्या रविवारी, मिस्साला जात असता ग्रॅनबी लेन या गल्लीत तो कोसळला आणि तिथेच त्याचा मृत्यू झाला. तो ६९ वर्षांचा होता. इस्पितळात त्याच्या अंगावरील कपड्यांखाली साखळ्या आढळल्या तेव्हा त्याच्या गुप्त तपश्चर्येची जगाला कल्पना आली. ३ ऑक्टोबर १९७५ रोजी पोप सहावे पॉल यांनी त्याला वंदनीय घोषित केले. संतपदाच्या वाटेवरील ही एक पायरी आहे.

आपल्यासाठी

मॅटच्या साखळ्या आपण घ्यायच्या नाहीत. अशी तपश्चर्या ज्याच्या त्याच्या पाचारणाची आणि आध्यात्मिक मार्गदर्शनाची बाब आहे. आपण घ्यायचे ते त्याचे साधे नियम. मुदत छोटी ठेवा: आजचा दिवस, हा आठवडा, हे तीन महिने. तलफेची वेळ ओळखा आणि त्या वेळेला आधीच दुसरे काम द्या. पैसा, रस्ता आणि सोबत बदला. तलफ लाटेसारखी चढते आणि ओसरते. ती ओसरेपर्यंत जागा सोडून चालू लागा, कुणाला तरी फोन करा, पोटभर जेवा.

कुणी म्हणेल, मी सोडत नाही, नुसती कमी करतो. काहींना ते जमते. पण पहिल्या पेल्यानंतर ज्याचा हात थांबत नाही, त्याने मॅटप्रमाणे पहिलाच पेला टाळणे सोपे. आणि एक सावधगिरी. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू बंद केली तर हातपाय थरथरणे, झटके येणे, भ्रम होणे असे प्रकार होऊन जीवही धोक्यात येऊ शकतो. अशांनी डॉक्टरांच्या देखरेखीखालीच दारू सोडावी. तलफ कमी करणारी औषधेही आज आहेत. ती घेणे म्हणजे श्रद्धा कमी पडणे नव्हे.

मॅटच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, १९३५ मध्ये, अमेरिकेत अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही चळवळ सुरू झाली. आज आपल्या मुंबई-वसईकडेही तिच्या सभा होतात. पुण्यात १९८६ मध्ये मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. मॅटला चर्चच्या बाकावर एकट्याने झगडावे लागले. आपल्या माणसाला एकटे राहण्याची गरज नाही.

घरच्यांसाठीही एक शब्द. मॅटच्या आईने त्या शनिवारी टोमणा मारला असता तर? घसरलेला माणूस पुन्हा उठू पाहतो तेव्हा त्याला जुनी यादी वाचून दाखवू नका. लग्नात, नामकरणात, सणाला एकच घे म्हणून आग्रह करू नका. तुमच्या दृष्टीने तो एक पेला असतो, त्याच्या दृष्टीने ते तीन महिने असतात.

मत्तयच्या शुभवर्तमानात प्रभू येशू एका झाडून स्वच्छ केलेल्या पण रिकाम्या घराचा दाखला देतो. बाहेर गेलेला अशुद्ध आत्मा परत येतो आणि घर रिकामे पाहून आणखी सात जणांना घेऊन आत शिरतो. दारू सोडणे म्हणजे घर झाडणे. ते भरले नाही तर पाहुणा परत येतो. मॅटने आपली रिकामी संध्याकाळ प्रार्थनेने, वाचनाने, कष्टाने आणि दानाने भरली. आपल्या संध्याकाळी काय आहे?

प्रार्थना करू या : हे प्रभो, तुझा सेवक मॅट याला तू गुत्त्याच्या कोपऱ्यावरून उठवून आपल्या दारात आणलेस. आमच्या धर्मग्रामातील जे कुणी आज संध्याकाळच्या भीतीने दिवस काढत आहेत, त्यांना आजच्यापुरते बळ दे. त्यांच्या घरच्यांना धीर दे, आणि आम्हा सर्वांना त्यांचा आधार बनव. आमेन.