जनरल मोटर्सचा विस्मृत जनक

१ जून २००९ रोजी जनरल मोटर्सने न्यूयॉर्कच्या न्यायालयात दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा अमेरिकेतील मोटार उद्योगावर चहूबाजूंनी टीकेचा भडिमार सुरू होता. बेसुमार विस्तार, डोईजड कर्ज आणि मंदीची चाहूल न लागलेले व्यवस्थापन, असे आरोप होत होते. गंमत म्हणजे जवळपास हेच आरोप शंभर वर्षांपूर्वी, कंपनी जेमतेम दोन वर्षांची असताना, तिच्या संस्थापकावर झाले होते. विल्यम क्रेपो ड्युरंट हे त्यांचे नाव. ज्यांनी कंपनी चालवली त्या आल्फ्रेड स्लोन यांचे नाव व्यवस्थापनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असते. ज्यांनी ती जन्माला घातली ते ड्युरंट मात्र विस्मरणात गेले.

८ डिसेंबर १८६१ रोजी बोस्टनमध्ये जन्मलेले ड्युरंट वाढले ते मिशिगन राज्यातील फ्लिंट या गावी. आजोबा हेन्री क्रेपो लाकडाचे बडे व्यापारी आणि राज्याचे गव्हर्नर. नातवाने मात्र शाळा अर्धवट सोडली आणि सिगारपासून विम्यापर्यंत मिळेल ते विकले. १८८६ मध्ये एका परिचिताच्या दुचाकी घोडागाडीतून जाताना तिच्या स्प्रिंगची रचना त्यांच्या मनात भरली. बँकेकडून २ हजार डॉलरचे कर्ज काढून त्यांनी त्या गाडीचे हक्क विकत घेतले आणि डॅलस डॉर्ट यांच्या भागीदारीत कारखाना काढला. शतक संपेपर्यंत हा कारखाना देशातील मोठ्या घोडागाडी उत्पादकांत गणला जाऊ लागला.

मोटारींविषयी त्यांना सुरुवातीला आस्था नव्हती. १९०४ मध्ये अडचणीत आलेली ब्यूक कंपनी त्यांच्याकडे सोपवण्यात आली, तेव्हा त्यांनी ती गाडी चिखलातून, खाचखळग्यांतून कित्येक दिवस स्वतः पिटाळली आणि मगच होकार दिला. पुढच्या चार वर्षांत ब्यूक अमेरिकेतील अग्रगण्य मोटार बनली.

१६ सप्टेंबर १९०८ रोजी जनरल मोटर्सची नोंदणी झाली. कागदोपत्री भांडवल अवघे २ हजार डॉलर! त्यानंतर ओल्ड्समोबिल, ओकलंड, कॅडिलॅक अशा कंपन्या एकामागून एक ताब्यात आल्या. बहुतेक व्यवहार समभागांच्या अदलाबदलीने होत. एकट्या कॅडिलॅकसाठी सुमारे ४५ लाख डॉलर मोजावे लागले. १९०९ मध्ये हेन्री फोर्डही ८० लाख डॉलरना आपली कंपनी द्यायला तयार होते, पण बँकांनी पैसे नाकारले. त्या नकाराने मोटारींचा इतिहास बदलला.

१९१० मध्ये विक्री मंदावली आणि रोकड आटली. बँकर्सनी दीड कोटी डॉलरचे कर्ज दिले, पण पाच वर्षे कंपनीचे नियंत्रण आपल्याकडे ठेवण्याच्या अटीवर. त्यांची टीका सर्वस्वी अन्यायाची नव्हती. ड्युरंट यांनी विजेच्या दिव्याची एक कंपनी प्रचंड किमतीला घेतली होती आणि तिचे पेटंटच पुढे कुचकामी ठरले. कोणती कंपनी सोन्याची आणि कोणती पितळेची, हे तपासण्याइतका धीर त्यांच्याकडे नव्हता.

पण हार मानणे त्यांच्या स्वभावात नव्हते. शर्यतपटू लुई शेव्हरोले यांच्यासह त्यांनी १९११ मध्ये नवी कंपनी काढली. शेव्हरोले गाड्या खपू लागल्या, तसे त्या कंपनीचे समभाग देऊन ते जनरल मोटर्सचे समभाग गोळा करू लागले. १९१६ मध्ये ते आपल्याच कंपनीचे अध्यक्ष म्हणून परतले. धाकट्याने थोरल्याला गिळावे, असा हा प्रकार होता.

दुसरी कारकीर्दही पहिलीसारखीच गेली. नवनव्या कारखान्यांबरोबर फ्रिजिडेअरसारखा शीतकपाटांचा उद्योगही त्यांनी जोडला आणि हप्त्याने मोटारी विकण्यासाठी १९१९ मध्ये स्वतंत्र वित्तसंस्था उभारली. पण सर्व निर्णय एकहाती. वरिष्ठ अधिकारी त्यांच्या दालनाबाहेर ताटकळत बसत आणि आत ड्युरंट टेलिफोनवर शेअर बाजारात गुंतलेले असत. या कारभाराला कंटाळून वॉल्टर क्रायस्लर यांनी कंपनी सोडली आणि पुढे स्वतःची मोटार काढली.

१९२० च्या मंदीत कंपनीचा समभाग कोसळू लागला. तो सावरण्यासाठी ड्युरंट कर्ज काढून समभाग विकत घेत राहिले. हा सट्टेबाजाचा हिशेब होता, की आपल्यावर विसंबून समभाग घेतलेल्या मित्रांना वाचवण्याची धडपड? बहुधा दोन्ही. नोव्हेंबरात त्यांचे वैयक्तिक कर्ज पावणेतीन कोटी डॉलरच्या घरात गेल्याचे उघड झाले. ते बुडाले असते, तर त्यांच्याबरोबर अनेक दलालही बुडाले असते. ड्यू पाँ कुटुंब आणि मॉर्गन बँकेने ते कर्ज निस्तरले आणि बदल्यात ड्युरंट यांना कायमचे बाहेर जावे लागले. डेट्रॉइटमध्ये त्यांच्या नावाने उभे राहत असलेल्या मुख्यालयाचेही नाव बदलले. दगडांत कोरलेली ‘डी’ ही अक्षरे तेवढी राहिली.

१९२१ मध्ये त्यांनी ड्युरंट मोटर्स काढली. पण १९२९ च्या बाजार कोसळीनंतर ती तग धरू शकली नाही आणि १९३३ मध्ये संपुष्टात आली. जनरल मोटर्सचे बस्तान तोपर्यंत देशोदेशी बसले होते. मुंबईतही १९२८ पासून तिच्या गाड्या जोडल्या जात होत्या. त्या वैभवात संस्थापकाचा वाटा शून्य होता.

१९३६ मध्ये ड्युरंट यांनी दिवाळखोरी जाहीर केली. सुमारे ९ लाख १४ हजार डॉलरचे देणे आणि मालमत्तेत २५० डॉलरचे कपडे. त्याच वर्षी न्यू जर्सीतील आपल्या खाद्यपदार्थांच्या दुकानात ते बशा विसळत असल्याचे छायाचित्र वृत्तपत्रांनी छापले. अब्जाधीश कंपनीचा निर्माता भांडी घासतो, ही बातमी वाचकांनी चवीने वाचली. ते दुकान त्यांचेच होते, हा तपशील फारसा कोणाच्या ध्यानात आला नाही. चार वर्षांनी त्यांनी फ्लिंटमध्ये ब्यूक कारखान्याजवळ बोलिंगचे केंद्र काढले आणि अशा केंद्रांची साखळी देशभर उभारण्याचे बेत करू लागले. तेव्हा त्यांचे वय ऐंशीला टेकले होते. १९४२ मध्ये पक्षाघाताच्या झटक्याने हे बेत थांबले. अखेरच्या वर्षांत स्लोन आणि काही जुन्या सहकाऱ्यांनी त्यांच्या निर्वाहाची सोय केली.

१८ मार्च १९४७ रोजी न्यूयॉर्कमध्ये ड्युरंट यांचे निधन झाले. तीन आठवड्यांनी हेन्री फोर्डही गेले.