थॉमस चिपेंडेल

अठराव्या शतकांत आयर्लंडांत घडविलेल्या महोगनी लांकडाच्या खुर्च्या आजही मोठ्या जतनेनें राखून ठेविलेल्या आहेत. बैठकीखालील पट्टीवर सिंहमुख किंवा शिंपला व पायांच्या टोकांशीं श्वापदाचे पंजे, हें तेथील कारागिरांचें खास काम. पण त्यांतील कित्येक खुर्च्यांच्या पाठीची नक्षी एका इंग्रज सुताराच्या ग्रंथाचें वळण दाखविते. त्या सुताराचें अल्प चरित्र आम्ही येथें देत आहों.

थॉमस चिपेंडेल याचा जन्म सन १७१८ मध्यें यॉर्कशरांतील ऑटली या गांवीं झाला. बाप सुतार होता. मुलानेंही तोच धंदा पत्करिला. पुढें तो लंडनास गेला व सन १७५४ त सेंट मार्टिन्स लेन या रस्त्यावर त्यानें आपला कारखाना थाटिला.

त्याच वर्षीं त्यानें मोठें धाडस केलें. खुर्च्या, मेजें, कपाटें इत्यादिकांच्या नमुन्यांचीं १६० कोरीव चित्रपृष्ठें असलेला ग्रंथ त्यानें छापून काढिला. त्यांत फ्रेंच धर्तीची वेलबुट्टी, जुन्या गॉथिक देवळांच्या कमानी व चिनी पद्धतीची जाळी यांचा सुरेख मेळ होता. गिऱ्हाइकें मिळविणें हा त्याचा हेतु होताच. तथापि धंद्यांतील प्रतिस्पर्ध्यांसही ते नमुने आयतेच मिळाले. १७५५ त कारखान्यास आग लागली व कारागिरांचीं हत्यारें जळालीं. तरी त्याच वर्षीं ग्रंथाची दुसरी आवृत्ति निघाली. १७६२ त तिसरीही निघाली.

त्यानें मोठमोठ्या सरदारांचे वाडे सजविले. परंतु त्यांजकडील पैसे वेळेवर येत नसत. द्रव्याची ओढाताण सोसतच सन १७७९ त क्षयरोगानें त्याचा अंत झाला. १८०४ त त्याच्या मुलाचें दिवाळें निघालें.

येथें एक गोष्ट सांगितल्यावांचून आमच्यानें राहवत नाहीं. तें तांबूस, गुळगुळीत लांकूड जमेकासारख्या बेटांतून येई, आणि तेथील वृक्ष तोडण्यास आफ्रिकेंतून धरून आणिलेले गुलाम राबत. त्यांचीं नांवें कोठेंही कोरलेलीं नाहींत. सुंदर वस्तूची स्तुति करितांना त्या श्रमांचा विसर पडणें आम्हांस अन्याय्य वाटतें.

चिपेंडेलनें मिळविलेला पैसा टिकला नाहीं. जी विद्या त्यानें सर्वांपुढें उघडी केली, ती मात्र टिकली. विद्यार्थ्यांनीं आपल्या वर्गांतील बांकाचा एखादा सांधा निरखून पाहावा. तोही कोणी तरी कोणास शिकविलेला आहे.