मंडालेच्या वह्या

ग्रंथ जप्त करण्याचा अधिकार सरकारास असावा काय, असा प्रश्न निघाला म्हणजे आमच्या विट्यातील पुष्कळ सुशिक्षित गृहस्थही एवढेच विचारतात की, वाईट ग्रंथ जप्त झाला तर बिघडले कोठे? ग्रंथ वाईट हे ठरविणार कोण, हा पुढचा प्रश्न मात्र कोणी करीत नाही. तो ज्यांस करावयाचा असेल त्यांनी लोकमान्य टिळकांच्या चरित्राचा एक भाग पुन्हा डोळ्यांखालून घालावा.

बाळ गंगाधर टिळक यांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीस झाला. १८७९ साली ते कायद्याची परीक्षा उतरले. पण वकिलीच्या नादी न लागता १८८० साली शाळा आणि १८८१ साली केसरी काढण्याच्या खटपटीत पडले. हा इतिहास सर्वश्रुत आहे. १८९१ च्या संमतिवयाच्या वादात त्यांनी घेतलेली बाजू आम्हांस मान्य नाही, हे येथेच सांगून टाकतो. परंतु मतभेद असलेल्या माणसाच्या ग्रंथाचेही रक्षण झाले पाहिजे, हाच तर आमचा मुद्दा आहे.

१८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यात त्यांस दीड वर्षाची शिक्षा झाली. तुरुंगात असता मॅक्स मुल्लर यांनी पाठविलेली ऋग्वेदाची प्रत त्यांच्या हाती पडली व आर्यांच्या मूलस्थानाचा विचार तेथेच पुढे गेला. तो ग्रंथ १९०३ साली निघाला. पुढे २२ जुलै १९०८ रोजी, म्हणजे वयाची बावन्न वर्षे पुरी होण्याच्या आदल्या दिवशी, मुंबई हायकोर्टात ज्यूरीने सात विरुद्ध दोन मतांनी त्यांस दोषी ठरविले आणि न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षे काळे पाणी व हजार रुपये दंड सुनावला. काळ्या पाण्याची पुढे साधी कैद झाली व त्यांची रवानगी ब्रह्मदेशातील मंडालेस करण्यात आली.

मंडालेस मधुमेही कैद्यास लिहिण्याची मुभा होती खरी, पण कशी? सुटे कागद नाहीत. पाने मोजून आकडे घातलेल्या बांधीव वह्या. शाई नाही, शिसपेन्सिल. चालू राजकारणाची पुस्तके वर्ज्य. अशा साधनांनी १९१०-११ च्या हिवाळ्यात सुमारे पाच महिन्यांत गीतारहस्याचा खर्डा तयार झाला. शंकराचार्यांपासून कांट, मिल, ग्रीन यांच्यापर्यंतच्या मतांचा परामर्श घेऊन कर्मयोगाची उपपत्ती लावणारा हा ग्रंथ! पुढे १९१२ साली पत्नी सत्यभामाबाई पुण्यास वारल्या. ती वार्ता त्यांस तेथेच सोसावी लागली.

जून १९१४ मध्ये टिळक सुटले; वह्या मात्र काही काळ सरकारच्याच ताब्यात राहिल्या. तत्त्वज्ञानाच्या त्या वह्यांत राजद्रोह तो काय असणार? तरीही ग्रंथ जगावा की मरावा हे एखाद्या अधिकाऱ्याच्या शेऱ्यावर लटकले होते. वह्या आल्या नाहीत तर आठवणीतून ग्रंथ पुन्हा लिहून काढण्याची टिळकांची तयारी होती, असे त्यांच्या निकटचे लोक सांगत. सुदैवाने वह्या परत मिळाल्या आणि जून १९१५ मध्ये ग्रंथ छापून निघाला. लगेच त्याची दुसरी आवृत्ती काढावी लागली. माधवराव सप्रे यांनी तो हिंदीत नेला. टिळक १ ऑगस्ट १९२० रोजी निवर्तले तोवर तो घरोघर पोहोचला होता.

पण टिळकांसारखे स्मरण व टिळकांसारखा लोकाश्रय प्रत्येक लेखकास कोठून असणार? ज्या १२४-अ कलमाखाली टिळक तुरुंगात गेले, ते कलम ज्या जुन्या दंडसंहितेत होते ती १ जुलै २०२४ पासून रद्द झाली. जप्तीचा अधिकार मात्र त्याच दिवशी अमलात आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या ९८ व्या कलमात कायम आहे. प्रथम अधिसूचना व जप्ती. मग दोन महिन्यांच्या आत लेखकाने हायकोर्ट गाठावे आणि तीन न्यायाधीशांपुढे आपले निरपराधित्व सांगावे, असा हा उलटा क्रम आहे. विट्याच्या एखाद्या शाळामास्तराने पुस्तक लिहिले तर त्याने मुंबईची वाट कशाच्या बळावर धरावी? अगोदर नोटीस, अगोदर सुनावणी, आणि जप्ती झालीच तर निदान एक प्रत सार्वजनिक ग्रंथसंग्रहात सुरक्षित, एवढी दुरुस्ती आपल्या भागाच्या लोकप्रतिनिधींनी मागावी, अशी आमची त्यांस सूचना आहे.