भास्कराचार्य आणि भेटीचे गणित

पालघरहून एक सायकलस्वार निघाला, बोईसरहून त्याच वेळी दुसरा निघाला. दोघे कोठे भेटतील? या प्रश्नाने कित्येक विद्यार्थ्यांची झोप उडवली आहे. पण भेटीची अशी गणिते मोठ्या आवडीने मांडणारा एक थोर गणिती आपल्याच महाराष्ट्रात होऊन गेला, हे पालकांनाही ठाऊक असावे.

भास्कराचार्यांचा जन्म इ. स. १११४ चा. विज्जलविड हे त्यांचे गाव सह्याद्रीच्या परिसरातले. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. वयाच्या ३६ व्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणि’ पूर्ण केला. ‘लीलावती’ हा त्याचाच अंकगणिताचा भाग.

लीलावतीतले एक कोडे पाहा. ९ हात उंच खांबावर मोर बसला आहे. खांबाच्या बुडाशी सापाचे बीळ. २७ हातांवरून साप बिळाकडे येताना दिसताच मोर तिरकी झेप घेतो. दोघांचा वेग सारखा. मग बिळापासून किती अंतरावर गाठ पडेल? वेग सारखा म्हणजे दोघांची वाटही सारखीच, ही खरी मेख. ९ चा वर्ग ८१. त्याला २७ ने भागून ३ आले. ते २७ मधून वजा करून निम्मे केले की १२ हात. पडताळा घ्या : साप १५ हात आला, आणि ९ व १२ भुजांच्या काटकोन त्रिकोणाचा कर्णही १५ च. मुलांनी हे वहीत आकृती काढूनच करावे, पाठ करू नये.

ग्रहांची युती काढतानाही हाच विचार. दोन ग्रह एकाच दिशेने चालले असतील तर त्यांच्यातील अंतराला गतींच्या फरकाने भागायचे. एक वक्री असेल तर बेरजेने. आपले सायकलस्वारही समोरासमोर येणारे. अंतर १२ किलोमीटर, वेग ताशी १० व ५ धरा. १२ भागिले १५, म्हणजे ४८ मिनिटांनी भेट, पालघरपासून ८ किलोमीटरवर.

वयाच्या ६९ व्या वर्षीही, ११८३ मध्ये, त्यांनी ‘करणकुतूहल’ हा ग्रंथ रचला. पुढे त्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी चाळीसगावजवळ पाटण येथे मठ स्थापला. १२०७ च्या शिलालेखात त्याची नोंद आहे. पिढी बदलली तरी शिकवणे थांबू नये, म्हणून केलेली ही तजवीज मला ग्रंथाइतकीच मोलाची वाटते.

१५८७ मध्ये अकबर बादशहाच्या आज्ञेवरून फैजी या विद्वान कवीने लीलावतीचे फारसी भाषांतर केले. लग्नाची घटिका चुकलेल्या कन्येची कथा त्याच्याच प्रस्तावनेत येते. भास्कराचार्यांच्या ग्रंथात ती नाही. १६३४ च्या सुमारास अताउल्ला रुश्दी यांनी ‘बीजगणित’ फारसीत नेले. ताजमहालाचे शिल्पकार मानले जाणारे उस्ताद अहमद लाहोरी हे त्यांचे वडील. लीलावतीचे इंग्रजी भाषांतर १८१६ मध्ये छापले गेले, तेही आपल्या मुंबईत.